एका टिचकीत बारा हजार सूर्य

लिंबायत, उधना, डिंडोली. सुरतेच्या या भागांत खानदेशी बोली गल्लोगल्ली कानावर पडते. तिथली एखादी मुलगी मोबाइलवर नवं संकेतस्थळ उघडते. नाव भरा, नवा पासवर्ड ठरवा, तो लक्षात ठेवा, एवढं कोण करत बसणार? ती ‘फेसबुकने लॉगिन करा’ या बटणावर बोट टेकवते आणि थेट आत! २००८ साली फेसबुकने ही सोय आणली; गूगलचंही तसंच बटण आता जिथे तिथे दिसतं. या एका टिचकीत केवढे आकडे दडलेत, चला, मोजूया.

आधी एक गोष्ट पक्की करू. नव्या संकेतस्थळाला तुमचा पासवर्ड कळतच नाही. फेसबुक किंवा गूगल त्याच्याकडे एक टोकन पाठवतं, अक्षरं आणि अंकांची लांबलचक ओळ. टोकन ज्याच्या हाती, त्याला दार उघडं!

आता सप्टेंबर २०१८ मध्ये या. फेसबुकच्या यंत्रणेत तीन चुका एकत्र जुळून आल्या आणि टोकनं चोरांच्या हाती गेली. २८ तारखेला कंपनीने जाहीर केलं: पाच कोटी खात्यांना धोका, आणि खबरदारी म्हणून आणखी चार कोटींना बाहेर काढलंय. नऊ कोटी खाती एकदम दाराबाहेर! २०११ च्या जनगणनेत सुरत शहराची लोकसंख्या होती ४४ लाख ६७ हजार. अशी वीस शहरं रिकामी करा, तेव्हा नऊ कोटी माणसं जमतील.

बसवा सगळ्यांना रेल्वेत. शयनयानाचे २० डबे, डब्याला ७२ बर्थ, म्हणजे एका गाडीत १,४४० जण. गाड्या लागल्या ६२,५००! डब्यांना डबे जोडत गेलो तर रांग होते साडेसत्तावीस हजार किलोमीटरची. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. तिथे ही रांग मावायला १४४ मार्ग शेजारी-शेजारी टाकावे लागतील. उधना-जळगाव मार्ग सुमारे ३०७ किलोमीटरचा. त्याच्यावरून खानदेशाच्या किती पिढ्या सुरतेत उतरल्या! तिथेसुद्धा नव्वद मार्ग लागतील, आणि जवळपास सगळे या टोकापासून त्या टोकापर्यंत खचाखच भरलेले.

पुढे तपासात कळलं, टोकनं प्रत्यक्ष चोरीला गेली ती तीन कोटी खात्यांची. चोरांनी सुरुवात केली होती फक्त चार लाख खात्यांपासून. मित्र, मित्रांचे मित्र, त्यांचेही मित्र... आणि चार लाखांचे झाले पंचाहत्तर पट! डिसेंबर २०२४ मध्ये आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने याच प्रकरणात फेसबुकच्या मालक कंपनीला, मेटाला, २५ कोटी १० लाख युरोंचा दंड ठोठावला. सुमारे २,२०० कोटी रुपये! पाचशेच्या नोटा घेऊन बसा, सेकंदाला एक मोजा, जेवण नाही, झोप नाही. मोजणी संपायला जवळपास सतरा महिने लागतील.

पण ती टोकनं चोरांना आयती मिळाली होती. अंदाजाने त्यांना एकही सापडलं नसतं, आणि खरा थक्क करणारा आकडा इथेच आहे. या लॉगिनमागच्या ‘ओऑथ २.०’ या मानकात ऑक्टोबर २०१२ पासून लिहिलेलं आहे: टोकन अंदाजाने सापडण्याची शक्यता दोनाच्या १२८ व्या घातात एक, याहून जास्त असता कामा नये. दोनाचा १२८ वा घात म्हणजे ३९ अंकी संख्या! भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या मोजणीत सर्वात वरची पायरी परार्ध, एकावर सतरा शून्यं. परार्धाला परार्धाने गुणा आणि उत्तर पुन्हा ३४ हजारांनी गुणा, तेव्हा आपण तिथे पोहोचतो.

डोळ्यांपुढे येत नाही ना? मग विहिरीवर चला. सहा मीटर रुंद, पंधरा मीटर खोल, काठोकाठ भरलेली. लिटरला वीस हजार थेंब धरले तर तिच्यात ८४८ कोटी थेंब. जगातल्या प्रत्येक माणसाला एक देऊनही उरतील! पण आपल्याला हवेत दोनाच्या १२८ व्या घाताइतके थेंब. पृथ्वीएवढी विहीर खणली तरी तशा दीड हजार कोटी विहिरी कमीच पडतील. सूर्याएवढी खणा. तशा बारा हजार!

त्यातला नेमका एक थेंब शोधायचाय. सुरतेतल्या त्या ४४ लाख ६७ हजार जणांना एकेक यंत्र द्या, प्रत्येक यंत्र सेकंदाला शंभर कोटी अंदाज करणारं. सगळे थेंब तपासून व्हायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या पावणेदोन लाख पट काळ लागेल. आणि गूगलचं असं टोकन साधारण तासाभरात बादही होतं!

हेसुद्धा किमान आहे. तेच मानक पुढे सुचवतं की १२८ वर थांबू नका, १६० व्या घातापर्यंत जा. घात वाढला फक्त ३२ ने, पण संख्या वाढली ४२९ कोटी पट. बारा हजार सूर्य गुणिले ४२९ कोटी, म्हणजे एक्कावन्न लाख कोटी सूर्य. आपल्यासारख्या शंभर आकाशगंगा पालथ्या घातल्या तरी तेवढे तारे भरणार नाहीत!