एका पेटींतलीं अनेक अवजारें

गोंदियाच्या धानगिरणींत एका टोंकाला धान पडतें. तूस, कोंडा व कणी वेगळीं होऊन दुसऱ्या टोंकाला तांदूळ निघतो. भाड्यानें घेतलेल्या संगणकावर वर्डप्रेसच्या साह्यानें स्वतःचें संकेतस्थळ चालविणाऱ्यांसाठीं ऑटोमॅटिक कंपनीनें २०११ सालीं काढलेला ‘जेटपॅक’ हा जोडसंच त्याच जातीचा आहे. वाचकांची मोजणी, दारावरचा पहारा, चित्रें त्वरित पोंचविणें, पृच्छापत्रक, हीं कामें एकाच संचांत होतात. संकेतस्थळाची नक्कल राखण्यास मात्र पैसे पडतात.

परंतु हा संच सर्वस्वीं घरचा नव्हे. तो कंपनीच्या खात्याशीं जोडावा लागतो, आणि मोजणी तर तिच्याच यंत्रांवर चालते. शिवाय चाळणी एक, म्हणून भोंकही सर्वांचें एक! २०२४ च्या ऑक्टोबरांत असें दिसून आलें कीं, २०१६ पासून पृच्छापत्रकांतील एका दोषामुळें, संकेतस्थळावर खातें असलेल्या कोणालाही इतरांनीं भरलेला मजकूर वाचतां आला असता. कंपनीनें तब्बल १०१ आवृत्त्यांची दुरुस्ती केली. तांदुळाच्या व्यापाऱ्यानें गिऱ्हाइकांचे दूरध्वनि-क्रमांक अशा पत्रकांत घेतले असतील, तर ही गोष्ट क्षुल्लक कशी म्हणावी? संचांतील बहुतेक अवजारें निरनिराळीं बंद करतां येतात. नको असलेलीं पहिल्याच दिवशीं बंद करावीं, आणि नवी आवृत्ति येतांच ती बसवावी.