वाहत्या माहितीची बारनिशी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, संगणकावरचा हिशेब पूर्वी बहुतेक वेळा दिवस संपल्यावर व्हायचा. बँकेतले व्यवहार दिवसभर साठायचे आणि रात्री त्यांची एकत्र मोजदाद व्हायची. पगारपत्रक आजही असेच तयार होते आणि त्यात काही बिघडत नाही. पण काही माहिती अशी असते, की ती ताजी असेपर्यंतच तिला किंमत. बस आत्ता कुठे आहे, हे प्रवाशाला रात्री कळून काय उपयोग? कार्डावर पाठोपाठ संशयास्पद खरेदी होत असेल, तर ते बँकेला पैसे जाण्याआधी समजले पाहिजे. अशी अखंड येत राहणारी माहिती स्वीकारण्यासाठी ज्या सेवा निघाल्या, त्यांपैकी एक ॲमेझॉन कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केली. तिचे नाव ‘कायनेसिस’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हालचाल. लिंक्डइन कंपनीत तयार झालेली आणि २०११ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ‘काफ्का’ ही प्रणालीही याच कल्पनेवर उभी आहे.

समजा, एका शहरात ३,००० बसगाड्या आहेत. प्रत्येक बसमधले यंत्र दर सेकंदाला आपला ठावठिकाणा कळवते. ही माहिती तिघांना हवी आहे: थांब्यावरच्या फलकाला, वेगावर नजर ठेवणाऱ्या कक्षाला आणि वेळापत्रक आखणाऱ्या विभागाला. बसने तिघांना वेगवेगळे निरोप पाठवायचे ठरवले, तर एकाचा संगणक बंद पडला की त्याचे निरोप वाया गेले. उद्या चौथा गिऱ्हाईक आला, की सगळ्या बसमधली यंत्रे बदला.

यावरचा तोडगा आपल्या सरकारी कचेऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. टपाल आले, की आवक बारनिशीत त्याची नोंद होते आणि त्यावर क्रमांक पडतो. पत्र आणून देणाऱ्याचे काम तिथे संपते. पुढे कोण वाचणार, कधी वाचणार, याची चिंता त्याने करायची नाही. कायनेसिस ही अशीच बारनिशी आहे. पाठवणारा नोंद टाकतो, सेवा तिला क्रमांक देते आणि तिच्या प्रती तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या यंत्रणांत ठेवते. वाचणारे आपापल्या सवडीने येऊन वाचतात. एकाने वाचली म्हणून नोंद पुसली जात नाही. दुसऱ्याला ती तशीच मिळते.

मात्र एका वहीत लिहिणारा हात एकच. गर्दी वाढली, की वह्या वाढवाव्या लागतात. कायनेसिसमध्ये अशा प्रत्येक वहीला ‘शार्ड’ म्हणतात. शब्दाचा अर्थ खापराचा तुकडा. एका शार्डमध्ये सेकंदाला जास्तीत जास्त १,००० नोंदी किंवा १ मेगाबाइट माहिती स्वीकारली जाते. आपल्या बसगाड्यांच्या नोंदी सेकंदाला ३,०००. म्हणजे किमान तीन शार्ड हवेत, आणि वाटणी अगदी सारखी होत नसल्याने व्यवहारात आणखी एखाददुसरा. शार्ड किती घ्यायचे, हा हिशेब पूर्वी वापरणाऱ्यालाच करावा लागे. २०२१ पासून तो सेवेवरच सोपवण्याचीही सोय आहे.

आता कोणती नोंद कोणत्या शार्डमध्ये जाणार? हे ठरते पाठवणाऱ्याने नोंदीसोबत दिलेल्या खुणेवरून. तिला ‘पार्टिशन की’ म्हणतात. सेवा त्या खुणेवर ठरावीक गणित करते आणि एकच खूण असलेल्या नोंदी एकाच शार्डकडे पाठवते. इथे खरी मेख आहे. एखाद्या कार्यालयाने आडनावाच्या आद्याक्षरानुसार खिडक्या उघडल्या, तर कोल्हापूर-सांगलीकडे ‘प’ची खिडकी पाटलांनी भरून जाईल आणि शेजारच्या खिडकीतला कारकून माशा मारत बसेल. तसेच, आपण बस आगाराचे नाव खूण म्हणून दिले आणि निम्म्या बस एकाच आगारातल्या निघाल्या, तर एका शार्डवर सेकंदाला १,५०० नोंदी आदळतील. त्यातल्या ५०० परत पाठवल्या जातील, मग बाकीचे शार्ड रिकामे असले तरी.

त्याऐवजी बसचा क्रमांक ही खूण द्यावी. मग नोंदी विखुरतात आणि एका बसच्या सगळ्या नोंदी एकाच शार्डमध्ये, एकामागून एक राहतात. हे महत्त्वाचे आहे. कारण क्रमाची हमी एका शार्डपुरतीच असते. दोन शार्डमधल्या नोंदींपैकी आधीची कोणती, हे सेवा सांगत नाही. एकाच बसच्या नोंदी दोन ठिकाणी गेल्या, तर फलकावर बस पुढे जाऊन पुन्हा मागे आलेली दिसेल. बँकेच्या खात्यात पैसे भरण्याआधीच काढल्यासारखे दिसले, तर प्रकरण याहून गंभीर.

वाचणाऱ्याचीही एक जबाबदारी आहे. पोथी वाचताना आपण थांबलो त्या पानात मोरपीस ठेवतो. तसे प्रत्येक वाचकाला, आपण कुठवर आलो, याची खूण ठेवावी लागते. संगणक मध्येच बंद पडला, तर तो पुन्हा त्या खुणेपासून सुरुवात करतो. पण खूण ठेवण्याआधीच बंद पडला असेल, तर शेवटच्या काही नोंदी दुसऱ्यांदा वाचल्या जातात. पाठवणाऱ्यालाही पोच मिळाली नाही, तर तो तीच नोंद पुन्हा पाठवतो. म्हणून एक नोंद दोनदा येऊ शकते, हे धरूनच चालावे लागते. बसच्या ठिकाणाबाबत त्याने काही बिघडत नाही. पैशांच्या बाबतीत मात्र ही नोंद आधी येऊन गेली आहे, हे ओळखण्याची सोय वाचणाऱ्यानेच करायची असते.

शिवाय ही बारनिशी कायमची नाही. वेगळे काही सांगितले नाही, तर नोंद २४ तास राहते आणि मग नाहीशी होते. वाचणारी यंत्रणा शनिवारी संध्याकाळी बंद पडली आणि सोमवारी सकाळी कुणाच्या लक्षात आले, तर शनिवारच्या नोंदी गेल्याच. जास्त पैसे मोजून ही मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवता येते. तेव्हा मुदत किती ठेवायची, हे आपल्याकडे बिघाड लक्षात यायला किती वेळ लागतो, त्यावरून ठरवावे.

आणि वहीच बंद पडली तर? २५ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेत उत्तर व्हर्जिनियातली कायनेसिस सेवा बराच काळ कोलमडली होती. नोंदी स्वीकारून योग्य शार्डकडे धाडणाऱ्या संगणकांच्या ताफ्यात नवी भर घातली गेली होती. ताफ्यातला प्रत्येक संगणक इतर प्रत्येकाशी संपर्क ठेवत असे. संख्या वाढताच हे संपर्क ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले आणि कोणती नोंद कुठे धाडायची, हेच त्यांना कळेना. म्हणजे क्षमता वाढवण्याचे काम निमित्त ठरले. सेवा पूर्ववत व्हायला रात्र झाली.

त्याहून बोलकी गोष्ट पुढची. लोकांना लॉग-इन करून देणारी ‘कॉग्निटो’ नावाची ॲमेझॉनचीच सेवा कायनेसिसकडे वापराची माहिती पाठवत असे, तीही केवळ अभ्यासासाठी. ती माहिती जाईना, म्हणून साठत गेली. साठवणाऱ्या प्रणालीतला एक दडलेला दोष तेव्हा उघड झाला आणि कॉग्निटोचे संगणकच अडकून पडले. किती माणसे आली, हे मोजणारी वही बंद पडली आणि त्यापायी दरवाजाच उघडेना!

म्हणून श्रोतेहो, अशी सेवा वापरणाऱ्याने पहिल्याच दिवशी स्वतःला विचारावे: समोरून नोंद घेतली गेली नाही, तर माझी यंत्रणा काय करील? थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवील, काही नोंदी सोडून देईल की वाट पाहत उभी राहील? बसचा ठावठिकाणा तासभर नोंदला गेला नाही तर फलक कोरा दिसेल, प्रवासी चिडतील. पण बस मात्र धावत राहिली पाहिजे.