स्मृतीसाठी धावणारी पावले

नांदेडच्या मोंढ्यात काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, पेढीवरचे ज्येष्ठ एकच उधारी दोनदा मागू लागले, सकाळी ठरलेला भाव संध्याकाळी विसरू लागले, की घरची मंडळी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून ती गोष्ट हसण्यावारी नेतात. पुढे धनादेशावरील स्वाक्षरी जुळेनाशी होते, बँकेतून धनादेश परत येतो, तेव्हा कुठे काळजी सुरू होते. बाहेर वाच्यता झाली तर पेढीची पत जाईल, मुलामुलींच्या सोयरिकी अडतील, या धास्तीने दुखणे घरातच दडवले जाते. या लपवाछपवीची किंमत मोठी असते. मुखत्यारपत्र देणाऱ्याची समजच गेली, तर ते मुखत्यारपत्र कायद्याने संपुष्टात येते, ही साधी गोष्ट अनेक घरांना फार उशिरा कळते.

या आजाराची ओळखच एका अपुऱ्या स्वाक्षरीने झाली, असे म्हणता येईल. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची पन्नाशीतील स्त्री दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला स्वतःचे नाव लिहावयास सांगितले. ती सुरुवात करी आणि मध्येच थांबे, पुढचे नाव तिला आठवत नसे. १९०६ मध्ये तिच्या निधनानंतर डॉक्टरांनी तिच्या मेंदूतील बदल वैद्यकजगतापुढे मांडले. त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. रोगाची गती काहीशी मंदावणारी औषधे अलीकडे निघाली आहेत; गेलेली स्मृती परत आणणारे औषध मात्र अद्याप हाती आलेले नाही.

भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे रुग्णसंख्या सुमारे ८८ लाख, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने वर्तवला. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. ‘हे मोठ्या शहरांचे दुखणे’ असे मानणाऱ्या मराठवाड्याने हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

संशोधनाला पैसा लागतो, आणि तो उभा करण्याचा एक मार्ग धावण्याचा आहे. २०१९ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये अल्झायमर्स सोसायटी आणि अल्झायमर्स रिसर्च यूके या दोन संस्थांनी एकत्र येऊन धावपटूंना आवाहन केले. विख्यात अभिनेत्री बार्बरा विंडसर यांना हा आजार जडला होता. त्यांचे पती स्कॉट मिचेल त्या वर्षी ४२.१९५ किलोमीटर धावले. पत्नीचे दुखणे लपवण्याऐवजी त्यांनी ते जगापुढे मांडले. लक्षावधी पौंड जमले आणि ते संशोधनाकडे वळवण्यात आले.

आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते. तिची रीत व्यापाऱ्याला सहज उमजेल अशी आहे. धावणारा एखादी सेवाभावी संस्था निवडतो, तिच्यासाठी ठरावीक रक्कम उभी करण्याची हमी देतो आणि मग आप्तस्वकीयांना, ग्राहकांना, जुन्या मित्रांना दूरध्वनी करत सुटतो. खरे तर पैसा पायांनी जमत नाही, तो ओळखींनी जमतो. पाय केवळ तारण असतात. माणूस स्वतः घाम गाळणार आहे हे दिसले, की समोरच्याचा हातही खिशाकडे जातो. ज्यांना पूर्ण अंतर झेपत नाही, त्यांच्यासाठी सुमारे सहा किलोमीटरांची ड्रीम रन आहे, ज्येष्ठांसाठी वेगळी दौड आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत लंडनकडे पाहण्याचीही गरज नाही. बारामतीच्या लता भगवान करे साठी ओलांडलेल्या असताना, पतीच्या तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून स्पर्धेत उतरल्या, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्या जीवनावर त्यांच्याच नावाचा मराठी चित्रपट निघाला; त्यात स्वतःची भूमिका त्यांनी स्वतः केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. मात्र एका कुटुंबाच्या तपासणीसाठी एका आजीला धावावे लागले, यात कौतुकाइतकीच खंतही आहे.

संशोधनाला देणगी देताना हात आखडतो, त्याचे कारण उघड आहे. धर्मशाळेला, पाणपोईला, रुग्णालयाच्या खोलीला नावाची पाटी लागते. प्रयोगशाळेतील दहा वर्षांच्या निष्फळ प्रयोगाला कोणाची पाटी लावणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. त्या दिवशी दुःख डोळ्यांसमोर होते. स्मृतिभ्रंश घरे पाडतो तो वीट-वीट करून, आवाज न करता. तरीही दूरदृष्टीचे दाते निघतात. क्रिस आणि सुधा गोपालकृष्णन या दांपत्याने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्रासाठी २२५ कोटी रुपये देऊ केले. ते केंद्र कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात, श्रीनिवासपूर तालुक्यातील खेड्यांत, पंचेचाळिशीपुढील हजारो ग्रामस्थांची वर्षानुवर्षे तपासणी करत आहे. असे काम औसा, उदगीर, लोहा, कंधार या तालुक्यांतही व्हावयास हवे. रक्तदाब, मधुमेह आणि बहिरेपण यांचा स्मृतीशी असलेला संबंध आपल्या मातीतल्या माणसांवर तपासला गेला पाहिजे.

देणगीदाराने हिशेबही चोख ठेवावा. १९६१ च्या आयकर कायद्यानुसार मान्यताप्राप्त संशोधन संस्थेला दिलेल्या देणगीची वजावट व्यापारी उत्पन्न असणाऱ्यास कलम ३५ खाली मिळे, कलम ८०जीजीए खाली नव्हे. तीही जुन्या करप्रणालीतच. स्मृतिभ्रंशाच्या उपचारखर्चासाठी कलम ८०डीडीबी होते, ज्येष्ठ रुग्णासाठी त्याची मर्यादा एक लाख रुपये. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा करसल्लागाराला विचारूनच आकडा मांडावा.

धावण्याची तयारीही तशीच शिस्तीची. मुंबईची दौड जानेवारीत असते. पूर्ण मॅरेथॉनसाठी किमान चार-पाच महिने सराव हवा, म्हणजे गणेशोत्सवाच्या सुमारासच बूट बांधावे लागतात. चौविहार पाळणाऱ्यांनी लांब पल्ल्याच्या आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वीच पुरेसे पाणी व आहार घ्यावा. नवकारसी असेल तर लांब धाव त्यानंतरच ठेवावी. चाळिशीपुढच्यांनी हृदयतपासणी करून घेतल्याखेरीज नोंदणीचा अर्जही भरू नये.