पुण्याला बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

सातारा, कराड, सांगली, मिरज या भागातून पुण्याला जाणारा आपला व्यापारी बांधव गाळा फार बारकाईने पाहतो. रस्त्याला तोंड आहे का, माल उतरवायला टेम्पो दारापर्यंत येतो का, शेजारी कोणता धंदा आहे, अनामत किती, याची चौकशी तो महिना महिना करतो. घर मात्र एका दुपारात ठरते. ओळखीचे कोणी तरी सांगते की आमच्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्या रिकाम्या आहेत, आणि आठ दिवसांत बिऱ्हाडाचा टेम्पो निघतो. गाळ्यात तो स्वतः दहा-बारा तास काढणार असतो. घरात बायकामुलांना अख्खा दिवस काढायचा असतो, तोही अनोळखी शहरात. म्हणून येथे धंद्याच्या नव्हे, घराच्या जागेविषयी लिहावयाचे आहे.

आपल्या भागाला स्थलांतर नवे नाही. जावळी-पाटणचे माथाडी कामगार मुंबईला गेले ते बहुधा एकटे. कुटुंब गावी आणि पुरुष मशीद बंदराच्या आसपास एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर, अशी त्यांची कित्येक वर्षे गेली. खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्यासाठी देशभर पांगले, त्यांतील अनेकांनी पुढे बिऱ्हाडही नेले. मिरजेच्या शिकलगारांतून सतार-तंबोरा बनविणारी घराणी तयार झाली आणि त्यांतली काही पुण्या-मुंबईत जाऊन मिरजकर म्हणून ओळखली जाऊ लागली. एकट्याने जाणे आणि बिऱ्हाड नेणे हे दोन वेगवेगळे निर्णय आहेत. एकट्याला कोठेही पाठ टेकता येते.

पुण्यात आपल्या बहुतेक धंद्यांची ठिकाणे मध्यभागात आहेत. भाजी-फळांचा घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, लाकूड भवानी पेठेत, गाड्यांचे सुटे भाग नाना पेठेत, हार्डवेअर आणि भांडी रविवार पेठ व बोहरी आळीत. त्यामुळे पहिला विचार येतो तो भवानी, नाना, गंज पेठ किंवा कॅम्प भागाचा. येथे मशीद, बाजार, दवाखाना सारे पायी अंतरावर आहे. कॅम्पात आझम कॅम्पससारखा शिक्षणाचा मोठा परिसरही आहे. अडचण जागेची आहे. जुन्या वाड्यांतील खोल्या लहान, जिने अंधारे, आणि सामाईक नळ-संडास अजूनही पुष्कळ ठिकाणी आहेत. साताऱ्यात अंगण असलेल्या घरात वाढलेल्या मुलांना तेथे चार भिंतींत कोंडावे लागते.

जागेच्या याच टंचाईमुळे कोंढवा वाढला. कोंढवा खुर्द १९९७ साली पुणे महापालिकेत आले. कॅम्प आणि पेठांतील शेकडो कुटुंबे मिठानगर, कौसरबाग, भाग्योदयनगर या वस्त्यांत गेली. आपल्या माणसांत राहण्याची ओढ हेही त्यामागे एक कारण होते. मुंबईत १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंब्र्याचे जे झाले, ते येथे तितक्या प्रमाणात नसले तरी चाल तीच आहे. माणसे आधी येतात. रस्ता, पाणी आणि शाळा मागाहून येतात. कोंढव्याच्या पुढे उंड्री २०१७ मध्ये आणि पिसोळी २०२१ मध्ये महापालिकेत आले. या भागांत टँकर हा घरखर्चाचाच एक भाग आहे. म्हणून घर पाहताना फरशी आणि रंग मागाहून पाहावा. नळाला पाणी किती वेळ येते आणि उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देतो, हे आधी शेजारच्या बाईला विचारावे. घरमालकाचे उत्तर आणि तिचे उत्तर सहसा जुळत नाही.

आता मार्केट यार्डाचाच धंदा घ्या. माल रात्रीपासून येऊ लागतो, विक्री पहाटे सुरू होते आणि रविवारी तर आवक सर्वांत मोठी. म्हणजे आपला बागवान बांधव रात्री दोनला घर सोडणार आणि दुपारी झोपणार. मुलाला रात्री ताप भरला तर धावपळ एकट्या आईने करायची. कराडात हाक मारली की भावजय, चुलती, नणंद धावून येते. येथे दारावरची पाटीदेखील परकी असते. अशा घराला स्वस्त भाड्यापेक्षा तीन गोष्टींची जास्त गरज आहे: रात्री उघडा असणारा दवाखाना, दिवे असलेला रस्ता आणि त्याच मजल्यावर हाकेला ओ देणारा शेजार. घर ठरविण्यापूर्वी पत्नीला एकदा तरी सोबत नेऊन तो भाग दाखवावा, आणि शक्य तर रात्री दहानंतर दाखवावा. आपल्याकडे ही पद्धत फारशी नाही. ती नसल्यामुळेच वर्षभरात परत गावी आलेली कुटुंबे वाचकांच्या माहितीत असतील.

दूरच्या स्वस्त घराचा हिशेब पूर्ण मांडावा. समजा, पिसोळीकडे ९ हजार भाड्याचे घर आहे आणि तेवढेच घर कोंढवा खुर्दमध्ये १२ हजारांना आहे. (आकडे केवळ रीत दाखविण्यापुरते.) दरमहा ३ हजार वाचले असे वाटते. परंतु दोन मुलांची शाळेची व्हॅन, मुलामागे दीड हजार धरली, तर तेवढे पैसे तेथेच संपले. टँकरची वर्गणी, मार्केट यार्डापर्यंतचे रोजचे जादा पेट्रोल आणि रात्री-अपरात्रीचा रिक्षाखर्च हे सारे वरचे. कात्रज-कोंढवा रस्त्यावर अवजड वाहनांची सतत वर्दळ असते. तेथील रुंदीकरणाचे काम २०१८ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. मुलांना हा रस्ता रोज ओलांडावा लागणार असेल, तर ते घर भाडे कितीही कमी असले तरी महागच.

शाळेचा प्रश्न आपल्या लोकांसाठी थोडा निराळा आहे. सातारा-सांगलीची आपली मुले घरात दखनी बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. कॅम्प आणि कोंढव्यात आपल्या संस्थांच्या शाळा प्रामुख्याने उर्दू किंवा इंग्रजी माध्यमाच्या. सहावी-सातवीतल्या मुलाला मराठीतून एकदम इंग्रजीत घातले की तो गणितातही मागे पडतो, आणि पालक समजतात मुलगा बिघडला. अशा घरांनी हडपसरचा विचार अवश्य करावा. तेथे साधना विद्यालय आहे आणि ते कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचेच आहे. साताऱ्याच्या मुलाला तेथे परके वाटण्याचे कारण नाही. जवळच्या सय्यदनगरमध्ये आपली मोठी वस्ती आहे. मिरजेचा लोहमार्ग याच भागातून जातो, तेव्हा रुळांपलीकडे जायला शाळेच्या वेळी किती मिनिटे लागतात हे स्वतः उभे राहून पाहावे. दुसरा पर्याय कात्रज-धनकवडीचा. सातारा रस्त्यावर असल्याने गावाकडची एसटी पकडायला सोपा. सांगली जिल्ह्यातील सोनसळच्या पतंगराव कदमांनी १९६४ साली स्थापन केलेल्या भारती विद्यापीठाचा परिसरही येथेच आहे.

शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही. म्हणजे जवळची आपली नामांकित शाळा त्या यादीत बहुधा नसेलच. सातारा-सांगली कोल्हापूर विभागीय मंडळाखाली आणि पुणे स्वतंत्र विभागात येत असले तरी राज्य मंडळ एकच असल्याने पुस्तके तीच आहेत. तरीही नववी-दहावीचे मूल असेल तर बिऱ्हाड दोन वर्षे थांबवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नाव ऐकून घर नाकारण्याचा अनुभव पुण्यात येतो, तो लपविण्यात अर्थ नाही. सहकारी गृहसंस्थेने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पारशी संस्थेच्या प्रकरणात वैध ठरविला. खासगी मालकाविरुद्ध तर हाती फारसे काही नाही. पण दोन ठिकाणी नकार आला म्हणून तिसऱ्या दिवशी मिळेल त्या गल्लीत शिरणे हा त्यावरचा उपाय नव्हे. हडपसर, कात्रज, वानवडी भागांत मिश्र वस्तीच्या इमारतींत आपली कुटुंबे राहत आहेत. मशीद पंधरा मिनिटांवर असली तरी चालते. शाळा आणि दवाखाना इतका दूर असून चालत नाही. हे काहींना पटणार नाही. मात्र घरात वृद्ध आई-वडील असतील तर त्यांचे मन मोहल्ल्यातच रमते, तेथे हा सल्ला आम्ही देणार नाही.

सांगलीकरांना पुराविषयी सांगण्याची गरज नाही. २००५, २०१९ आणि २०२१ त्यांनी पाहिले आहे. पुण्यात नदीपेक्षा ओढे फसवतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने सहकारनगर-अरण्येश्वर भागात घरे वाहून नेली आणि माणसे दगावली. तळमजला घेताना मागे नाला आहे का, हे पाहावे.

पहिले वर्ष भाड्यानेच राहावे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, व नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. अनामत रोखीने देऊन कागद मागाहून करू, असे म्हणणाऱ्याकडे घर घेऊ नये. विकत घेताना प्रकल्पाचा महारेरा क्रमांक तपासावा. शहराबाहेर नोटरीच्या कागदावर अर्धा-एक गुंठा घेण्याचा मोह तर मुळीच धरू नये. नोटरीने मालकी येत नाही. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये गुंठेवारीच्या घरांना २००१ चा कायदा आल्यावरही नियमितीकरणासाठी किती खेटे घालावे लागले, हे आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको.

गावची कागदपत्रे मात्र नीट जपावीत. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन आदी ओबीसी समाजांच्या मुलांना जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि दाखला त्या मूळ तालुक्यातूनच निघतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची व घराच्या उताऱ्याची प्रमाणित प्रत निघण्यापूर्वीच काढून घ्यावी. पुण्यातून त्यासाठी रजा काढून यावे लागते.