कॅसेटमधली होळी संगणकात आणताना

काठीची राजवाडी होळी आता ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये असते. तीस वर्षांपूर्वी ती कुणी टिपली असेल, तर व्हीएचएस कॅसेटवर. त्याच काळात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली गावे सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाऊ लागली. राज्यातल्या ३३ बाधित गावांपैकी मणिबेली सर्वांत आधी बुडाले. तिथल्या घरांचे, शेतांचे, लग्नांचे चित्रण एखाद्या घरी असेल, तर ती कॅसेट हाच त्या गावाचा उरलेला तुकडा. तो वाचवायला डिजिटल रूपांतर करणारे यंत्र लागते. पण ते कोणते घ्यावे?

घाई का करायची, ते आधी पाहू. कॅसेटच्या फितीवर चुंबकीय कण एका चिकट लेपाने धरून ठेवलेले असतात. सातपुड्यातल्या पावसाळ्याच्या दमट हवेत हा लेप ओलावा शोषून सैल होतो, बुरशीही धरते. उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखाली फीत आणखी खराब होते. दुसरी अडचण व्हीसीआरची. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. नवे यंत्र आता मिळत नाही. युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने २०१९ मध्ये जगभरच्या संस्थांना चुंबकीय फितींबाबत सावध केले, तेही याच दुहेरी कारणाने.

म्हणून पहिला खर्च करायचा तो चांगल्या व्हीसीआरवर. डोके साफ केलेला, फीत न ओढणारा व्हीसीआर नसेल, तर महागडी डबीही काही करू शकत नाही. फितीवरून जे निघाले नाही, ते पुढे भरून येत नाही.

आता डबी. बाजारात ‘एव्ही टू एचडीएमआय’ नावाची स्वस्त डबी मिळते. ती जुन्या यंत्राचे चित्र नव्या टीव्हीवर दाखवते, पण साठवत नाही. आपल्याला हवी ती ‘व्हिडिओ कॅप्चर’ करणारी. घेताना चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली, ती पाल पद्धत स्वीकारते का? भारतातल्या कॅसेटी पाल पद्धतीच्या असतात. त्यांचे चित्र ७२० बाय ५७६ या मापात घ्यावे. ‘फोर-के करून देतो’ या जाहिरातीला भुलू नये. व्हीएचएसमध्ये तेवढा तपशील मुळातच नसतो.

दुसरी, सेकंदाला ५० अर्धचित्रे जपली जातात का? पाल पद्धतीत चित्राच्या सम आणि विषम ओळी आलटूनपालटून येतात. काही डब्या त्यांतली निम्मी टाकून देतात. बसलेल्या माणसाच्या चित्रात ते जाणवत नाही. ढोलावर नाचणाऱ्यांच्या चित्रात लगेच जाणवते.

तिसरी, चित्र स्थिर करण्याची सोय, म्हणजे टाइम बेस करेक्टर. फीत जुनी झाली की चित्राची प्रत्येक ओळ थोडी मागेपुढे सुरू होते. जुना टीव्ही हे चालवून घेई. डिजिटल डबी मात्र गोंधळते, चित्रे गाळते आणि अर्ध्या तासाने ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे होतो. ही सोय काही चांगल्या व्हीसीआरमध्येच असते. काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडले तरी फरक पडतो.

चौथी, फाइल किती दाबली जाते? मेमरी कार्डवर थेट साठवणारी डबी संगणकाशिवाय चालते, पण चित्र फार दाबते. डीव्ही स्वरूपात एका तासाला सुमारे १३ जीबी लागतात. तीन तासांच्या दहा कॅसेटी म्हणजे ३९० जीबी. एक टीबीची हार्ड डिस्क पुरते. मिनी-डीव्ही कॅसेट असेल, तर ती मुळातच डिजिटल आहे. ती डबीतून न नेता कॅमेऱ्यातून फायरवायरने थेट संगणकात उतरवावी.

एक काळजी आरोग्याची. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी पावडर किंवा जाळी दिसली तर ती बुरशी समजावी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. यंत्र बिघडते आणि बुरशी पुढच्या कॅसेटीत जाते. हाताळताना एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत, काम मोकळ्या हवेत करावे. दम्याच्या रुग्णांनी दूरच राहावे. ती कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवून जाणकाराकडे द्यावी.

रूपांतर झाल्यावर दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावी. मूळ कॅसेट फेकू नये. फाइलला ‘व्हिडिओ १’ असे नाव न देता गाव, वर्ष आणि प्रसंग लिहावा. चित्रातली माणसे ओळखणारे आजी-आजोबा घरात आहेत, तोवर त्यांना शेजारी बसवून नावे विचारून घ्यावीत. ते काम कोणतीच डबी करत नाही.