कोर्टाने सोडले, म्हणजे सुटलो का?

लाखनी तालुक्यातल्या एखाद्या वस्तीतला पोरगा मारामारीच्या प्रकरणात दोषी ठरतो. पहिलाच गुन्हा, वयही कोवळे. न्यायाधीश त्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सोडतात. माय म्हणते, "सुटला माझा लेक!" घोटाळा इथेच होतो.

ही सवलत 1958 च्या अपराधी परिवीक्षा कायद्याची आहे. शिक्षा माफ झालेली नसते. 'कोर्टाने बोलावले तर शिक्षा घ्यायला हजर होईन' असे त्याने लिहून दिलेले असते. हमीपत्राची मुदत जास्तीत जास्त 3 वर्षे. देखरेखीचा हुकूम असेल तर किमान 1 वर्ष परिवीक्षा अधिकाऱ्याच्या संपर्कात राहावे लागते.

मग हा संपर्क तुटतो कसा? बेइमानीने तुटतो असे नेहमीच नसते. धानाची रोवणी आटोपली की हाताला काम नाही. पोरगा नागपूरला, नाहीतर रायपूरकडे मजुरीला जातो. पत्ता बदलतो, मोबाइलचा नंबर बदलतो, पण कळवत कोणी नाही. भेटीला जावे तर दिवसाची मजुरी बुडते, वर एस.टी.चे भाडे. त्यात एक भेट चुकली की मनात धास्ती बसते, 'आता गेलो तर धरतील.' म्हणून दुसरीही चुकते. हमीपत्रावर सही केली, पण वाचून कोणी दाखवले नाही, हेही घडते.

बंधू-भगिनींनो, परिवीक्षा अधिकारी म्हणजे पोलीस नव्हे. सल्ला देणे, मदत करणे, गरज पडल्यास काम मिळवून देण्याची खटपट करणे हे कायद्याने त्याचेच कर्तव्य आहे. कामासाठी गाव सोडायचे असेल तर त्याला आधी सांगावे. त्याने अर्ज केल्यास कोर्ट हमीपत्राच्या अटी बदलू शकते. पहिल्यांदा अट मोडली तर कोर्ट 50 रुपयांपर्यंत दंड करून हमीपत्र चालू ठेवू शकते. मात्र दडून बसणाऱ्यावर वॉरंट निघू शकते आणि मूळ गुन्ह्याची शिक्षाही होऊ शकते. जामीन राहिलेला काका किंवा मामाही त्यात अडकतो.

म्हणून घरच्यांनी एवढे करावे. हमीपत्राची नक्कल जपून ठेवावी. शिकलेल्या मुलीकडून ती मोठ्याने वाचून घ्यावी. भेटीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. तारीख चुकलीच तर दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन कारण सांगावे. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर विधी सेवा समितीकडे जावे. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही हा दर्जा मिळाला आहे. 15100 या नंबरवर फोन करूनही विचारता येते.

मुदत नीट पार पडली तर दोषी ठरल्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता त्याला लागत नाही. एका चुकीमुळे पोराचे सारे आयुष्य वाया जाऊ नये, यासाठीच हा कायदा आहे. एका निरोपाच्या आळसापायी ती संधी घालवू नका.