पोहता येतं, मग जॅकेट कशाला?

कामाच्या जागची सुरक्षा म्हटली की डोळ्यांपुढे कारखाना आणि पिवळी हेल्मेटं येतात. पण सिंधुदुर्गातल्या आचऱ्याच्या खाडीतून पहाटे बाहेर पडणारी होडीही कामाचीच जागा आहे आणि मासेमारी हा जगातल्या सर्वांत जोखमीच्या धंद्यांपैकी एक. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) अंदाजाने त्यात वर्षाला ३२,००० हून अधिक माणसं मरतात.

दर्यावरच्या माणसाला पोहता येतं, हे खरंच. पण तो होडीतून उडी मारत नाही. दोरात पाय अडकून, डोकं काठाला आपटून, अंगावरच्या कपड्यांनिशी पडतो. शुद्ध हरपलेला पोहणार कसा? तिथे तोंड पाण्याबाहेर ठेवतं ते लाइफ जॅकेट, आणि तेही अंगावर असलं तरच.

‘दर्या आम्हांला कळतो’ या भरवशालाही मर्यादा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळामुळे केरळ-तामिळनाडूच्या ६८ बोटी ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या आश्रयाला आल्या. तीही मुरलेलीच माणसं होती. पण खोल समुद्रात गेलेल्या बोटींपर्यंत इशारा वेळेत पोचलाच नव्हता. म्हणून निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहणं, परतीची वेळ घरी सांगणं आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येक खलाशाला पाठ असणं, हे कामाचाच भाग मानायला हवं.

पाकट किंवा शिंगाळा या माशांचा काटा लागला की बर्फ लावावा, हाही गैरसमज. हे विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने त्याचा जोर ओसरतो. साधारण ४५ अंशांच्या, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो हात किंवा पाय अर्धा ते दीड तास बुडवावा. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून पाहावं; ठणक्यापुढे चटका कळत नाही. काटा छातीत किंवा पोटात रुतला तर उपटू नये, तडक रुग्णालय गाठावं. होडीत गरम पाण्याचा थर्मास ठेवायला असा काय खर्च येतो?

विम्यावरचा भरवसाही तसाच अपुरा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून अपघाती मृत्यूला पाच लाख मिळतात, आणि ते मिळालेच पाहिजेत. पण विमा अपघात रोखत नाही. तो रोखतं इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यावरचं झाकण, आणि ‘आज नको जाऊया’ म्हणणाऱ्या तरण्या खलाशाचं ऐकणारा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा अशा तयारीला सवड असते. जाळी दुरुस्त करता करता तांडेलाने खलाशांना विचारावं, वर्षभरात थोडक्यात कधी वाचलात? ते वहीत उतरवावं आणि होडी पाण्यात लोटण्यापूर्वी प्रत्येक प्रसंगावर काय केलं, ते त्याच खलाशांना दाखवावं.